बाबांना लावलेला शब्द

शुक्रवार, संध्याकाळ

जावईबापू आज पोहे खाता खाता हसत म्हणाले, "आई, तुमचे बाबा टिपिकल पॉप्युलिस्ट होते. मंडळाच्या स्मरणिकेतल्या लेखात तसंच लिहिलंय मी."

"का हो?"

"नगरसेवक असताना फुकट नळ लावत फिरले ना."

म्हणजे गरिबाला पाणी दिलं की पॉप्युलिस्ट? मला कॉन्व्हेंटमध्ये शिकवलेलं वेगळं आठवतं. ‘जनता म्हणजे मीच, बाकी सगळे तिचे वैरी’ असं लोकांच्या मनात भरवणारा, तो पॉप्युलिस्ट. बाबांना मतं नको होती का? हवीच असतील. तरी जुन्या इंदुरात पहिला नळ त्यांनी आमची गल्ली सोडून मागच्या वस्तीत लावला. आपलेच लोक दारात भांडायला आले. बाबा हात जोडून इंदुरी ढंगात म्हणाले, "भिया, आपल्याकडे विहीर तरी आहे." पुढची निवडणूक हरले.

हे सांगितलं, तर पुन्हा तेच हसू. "मग फसलेले पॉप्युलिस्ट म्हणू."

लेकीचा नवरा म्हणून किती गिळायचं? लेखासोबत छापायला दिलेला बाबांचा फोटो मी जावईबापूंच्या फाइलमधून काढून घेतला. म्हटलं, "लेख तुमचा आहे, खुशाल छापा. बाबा माझे आहेत."