बॅटरीवर काय काय घ्यायचं

३ फेब्रुवारी, सोमवार

आईंच्या डाव्या मनगटाला प्लास्टर. सहा आठवडे!

काल संध्याकाळी नेहमीप्रमाणे वीज गेली. मी मेणबत्त्या शोधत होते, हे दुकानातून यायचे होते, आणि तेवढ्यात सासूबाई पॅसेजमधून निघाल्या त्या हॉलच्या पायरीवरून खाली आल्या. आवाज ऐकला आणि धावले. डोकं वाचलं, एवढंच काय ते बरं.

आज मोठे दीर आले. भाऊजींनी उभा जन्म कारखान्यांचे बॉयलर तपासले. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली, पण नजर तीच. आधी प्लास्टर तपासलं, मग पायरी, मग मला. म्हणाले, इथे दर दोन दिवसांनी वीज जाते, तुम्ही दोघंही दिवसभर बाहेर, माझ्या इमारतीत जनरेटर आहे, लिफ्ट आहे. "प्लास्टर निघालं की आईला मी घेऊन जातो."

विचारलं नाही, सांगितलं! ह्यांनी मान खाली घातली. मी चहाचे कप उचलून आत गेले आणि जरा जोरातच विसळले.

५ फेब्रुवारी, बुधवार

दवाखान्यातून लवकर निघाले. (दातांचा दवाखाना — माझं काम फक्त लोकांना बसवून ठेवायचं आणि दुखणार नाही असं खोटं सांगायचं.) आईंना सरळ विचारलं, जायचंय का भाऊजींकडे?

काचबिंदूने त्यांची नजर पूर्ण गेली त्याला आता आठ वर्षं झाली. त्या कधी त्याबद्दल फार बोलत नाहीत. आज बोलल्या.

"हे घर मी बघितलंय गं. खिडक्या कुठे, पडदे कसले, सगळं माझ्याकडे आहे. त्याचा फ्लॅट मी बघितलेलाच नाही. तिथे गेले तर मी आंधळी होईन."

त्यांच्या हातावर हात ठेवून बसले.

भाऊजींना काय खुपतंय? वीज जाते हेच ना? मग जाऊ दे तिला, आपल्याकडे येऊन जाऊन फरकच पडायला नको. आई कुठेही जाणार नाहीत. ठरलं!

९ फेब्रुवारी, रविवार

ह्यांचा अभ्यास सुरू झालाय. देवा.

चष्म्याच्या दुकानात ह्यांचं आयुष्य गेलं "हे बरं दिसतं, की हे?" विचारण्यात. त्यामुळे स्वतःलाही कुठलीच गोष्ट दोनदा दाखवल्याशिवाय निवडता येत नाही. जेवताना इन्व्हर्टर, आंघोळीला जाता जाता बॅटरी.

मला वाटायचं गच्चीवर सोलार बसवलं की प्रश्न मिटला. तर नाही! साधं सोलार असेल आणि बाहेरची वीज गेली, तर तेही बंद पडतं. तारांवर काम करणाऱ्याला झटका बसू नये म्हणून. शेजाऱ्यांकडे तसंच आहे. भर दुपारी डोक्यावर ऊन आणि घरात पंखा बंद, पुठ्ठ्याने वारा घेत बसतात बिचारे.

आपल्याला हवा तो हायब्रिड इन्व्हर्टर. त्याला गच्चीवरचं ऊन, बॅटरी आणि बाहेरची वीज तिन्ही जोडलेली असतात आणि कधी कुठून घ्यायचं ते तो ठरवतो. थोडक्यात, घरात जे मी करते ते.

बॅटरी पाणी घालायची की लिथियमची, यावर दोन संध्याकाळी गेल्या. शेवटी मीच म्हटलं, पाणी घालायला तुम्ही जाणार आहात का? लिथियम ठरली.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

सोलार कंपनीची इंजिनीअर येऊन गेली. तिशीची असेल. गच्चीवर पाण्याच्या टाकीची सावली कुठवर जाते ते बघायला सकाळी आली, दुपारी पुन्हा आली. ह्यांनी लगेच नाव ठेवलं — सावलीबाई.

मेहनती आहे. फक्त बोलते फार भरभर. इन्व्हर्टर जिन्याखाली बसेल म्हणाली, तिथे ऊन नाही आणि वारा खेळतो. मग खरा प्रश्न विचारला. सगळं घर काही बॅटरीवर चालणार नाही, तेव्हा वीज गेल्यावर काय काय चालू राहायला हवं? त्याची वायर वेगळी काढायची असते. विचार करून सांगा.

२० फेब्रुवारी, गुरुवार

काय काय चालू राहायला हवं! सहा दिवस नुसता काथ्याकूट. ह्यांना टीव्ही हवा, तो हॉलच्या दिव्यासकट ठेवला. मला मिक्सर हवा. गीझर, इस्त्री, पंप यांना पहिल्याच फेरीत घरी पाठवलं. वरची खोली — तिथे कोण राहतं? सुटकेसेस. बाद.

फ्रिजवर जरा अडलं. सावलीबाई म्हणाली, दार उघडलं नाही तर तो चार तास तसाच गार राहतो, त्याला बॅटरी कशाला? पटलं. आपला फ्रिज म्हातारा आहे, घुरघुरतो आणि वीजही खातो. तोही बाद.

बाकी सगळी बॅटरी आईंसाठी. त्यांच्या खोलीत पंखा आणि दोन दिवे, पॅसेजमध्ये दोन, पायरीच्या बरोबर वर एक मोठा. भाऊजी आले की बघू देत, लग्नाच्या हॉलसारखा उजेड केलाय!

१ मार्च, शनिवार

बसलं एकदाचं. दोन दिवस ड्रिलिंगने कान किटले, घरभर सिमेंटची धूळ. पण गच्चीवर बारा पॅनल्स अशी ओळीने बसलीत की मी तीनदा वर जाऊन आले. हे पाचदा.

आईंनी जिन्याखाली जाऊन इन्व्हर्टरवर उजवा हात फिरवला. "ऊबदार आहे," म्हणाल्या, "पण आवाज करत नाही."

सावलीबाई कौतुकाने म्हणाली, हो आजी, अगदी शांत मॉडेल आहे.

आईंनी हात काढून घेतला.

३ मार्च, सोमवार

आता वीज जायची वाट बघतोय. आणि मेली जात नाही! आजवर वीज जाण्यावर असे कधी टपून बसलो नव्हतो.

७ मार्च, शुक्रवार

आज गेली.

आम्हाला कळलंच नाही. टीव्ही चालू, दिवे चालू. समोरची घरं अंधारात बुडाली तेव्हा ह्यांचं लक्ष गेलं आणि हे लहान मुलासारखे उडालेच. खिडकीत उभं राहून आम्ही दोघं इतके हसलो! ह्यांनी मोबाइलवर बॅटरीचा आकडा दाखवला, मग पुन्हा दाखवला. मी म्हटलं, चला, आईंना सांगू.

आई पॅसेजमध्ये उभ्या होत्या. मधोमध. दोन दिव्यांच्या लखलखाटात, भिंतीला उजवा हात लावून, मान किंचित तिरकी.

"आई, काय झालं? इथे का थांबलात?"

"फ्रिज सुरू व्हायची वाट बघतेय."

मला आधी समजलंच नाही. मग त्यांनीच सांगितलं. खोलीतला पंखा पाठीमागे आणि फ्रिज समोर, असं धरून त्या चालतात. फ्रिजची घुरघुर उजव्या कानात आली की पायरी आली. तो मधूनमधून गप्प होतो, तेव्हा त्याही थांबतात. तो सुरू झाला की निघतात. आठ वर्षं!

पूर्वी वीज गेली की पंखाही बंद व्हायचा. मग त्यांना कळायचं आणि त्या पलंगावरून हलायच्या नाहीत. पडल्या त्या दिवशी नेमक्या अर्ध्या वाटेत होत्या. आज पंखा चालूच, म्हणून निघाल्या. आणि मग उभ्या राहिल्या. आम्ही खिडकीत हसत होतो तेवढा वेळ.

दिवे! न दिसणाऱ्या बाईसाठी पाच दिवे लावले आम्ही. इतके दिवस काथ्याकूट केला आणि त्यांना एका शब्दाने विचारलं नाही. त्या अंधारात पडल्या, असंच धरून बसलो — त्यांना कसला आलाय अंधार? इतकी लाज वाटली आम्हाला.

आणि आई म्हणतात, "अगं, दिवे राहू देत. तुम्ही धडपडला असता तर?"

९ मार्च, रविवार

सावलीबाई सुट्टीच्या दिवशी आली. फ्रिजची वायर बॅटरीवर घेतली, पॅसेजमधला एक दिवा काढला. कारण सांगितलं तेव्हा ती प्रथमच हळू बोलली. म्हणाली, यापुढे घरातल्या सगळ्यांना विचारीन.

बॅटरी आता दोन तास कमी पुरेल, असा ह्यांचा हिशेब. पुरू दे.

मेन स्विच पाडून बघितलं. घुरघुर चालू. आई खोलीतून निघाल्या, पॅसेज, पायरी, स्वयंपाकघर, बाटली, परत. ह्यांनी टाळ्या वाजवल्या. आईंनी "सर्कस आहे का रे?" म्हणून झापलं. पण खुशीत होत्या.

१६ मार्च, रविवार

प्लास्टर काल निघालं. आज भाऊजी, तपासणीला.

आईंची बॅग कुठे आहे, हे त्यांनी आल्या आल्या विचारलं! मग जिन्याखाली वाकून इन्व्हर्टर बघितला, अर्थिंग बघितलं, गच्चीवर जाऊन पॅनल्सचे नट हाताने हलवून बघितले. एकही हलला नाही. शेवटी ह्यांनी मेन स्विच पाडला आणि आई उठल्या.

भाऊजी पॅसेजच्या तोंडाशी उभे होते. आई त्यांच्या बाजूने गेल्या, पायरीवर पाऊल अचूक पडलं, आतून पाण्याचा ग्लास भरून आणला आणि त्यांच्या पुढ्यात धरला. "घे. उन्हातून आलास."

त्यांनी ग्लास रिकामा केला. मग म्हणाले, "ठीक आहे. राहू दे तिला इथे."

जिंकलो! मी आत जाऊन ओट्याला टेकून चक्क रडले. बाहेर आले तर भाऊजी अजून तिथेच, रिकामा ग्लास हातात धरून. जेवायला थांबा म्हटलं, तर लगेच थांबले. आपलं ताट आपणच धुतलं.

१८ मार्च, मंगळवार

भाऊजी पुन्हा हजर. अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घातलंय का ते बघायला.

२१ मार्च, शुक्रवार

आणि पुन्हा! पॅनल्सवर धूळ बसते म्हणे. स्वतः फडकं आणलं होतं, बारा पॅनल्स पुसली. मग चहा. मग आईंना पेपर वाचून दाखवला, छोट्या जाहिरातींसकट. निघताना दारात चपला घालायला किती वेळ लावला!

हे खूश आहेत. मी वैतागले. पास केलंत ना एकदा? मग आता काय राहिलंय तपासायचं? बोलता बोलता आईंना म्हणून गेले, भाऊजींचा आपल्यावर अजून विश्वास दिसत नाही.

आई शेंगा सोलत होत्या. हात थांबला.

"त्याला इन्व्हर्टर बघायचा नसतो गं. सून गेली तेव्हापासून त्या घरात त्याच्याशी बोलायला कोणी नाही. मला न्यायचा हट्ट कशासाठी धरला होता, असं वाटतं तुला?"

जाऊबाईंना जाऊन तीन वर्षं झाली. तिथे जनरेटर आहे, लिफ्ट आहे, एवढंच मी ऐकत आले. बाकी काय आहे ते मी विचारलंच नाही.

२५ मार्च, मंगळवार

भाऊजी आले. आज मी चपला आत ठेवल्या त्यांच्या. ह्यांच्याशी आणि आईंशी सकाळीच बोलून घेतलं होतं, तरी तोंड उघडायला चहाचे दोन कप लागले. मग मीच विचारलं त्यांना.

ते उठून गच्चीवर गेले. बऱ्याच वेळाने खाली आले. डोळे लाल, हातात फडकं. "धूळ फार आहे," म्हणाले.

२८ मार्च, शुक्रवार

सावलीबाईला फोन केला. बॅटरीवर आणखी एक खोली घ्यायची आहे, वरची. तिने विचारलं, तिथे काय काय चालू राहायला हवं? म्हटलं, थांब हं, राहणाऱ्यालाच विचारते — आणि फोन भाऊजींच्या हातात दिला.