काळी पाच

येरवडा, पुणे ६
रविवार, ८ मार्च २०२६

प्रिय दीक्षा,
सप्रेम जयभीम.

तुम्ही तिघं खुशाल असाल. आम्ही इकडे ठीक. उन्हाळा लागला की आईचा गुडघा बरा असतो, त्यामुळे स्वारी खुशीत आहे. येरवड्याहून वारज्याला पत्र टाकणारी अख्ख्या पुण्यात मी एकटीच असेन, हे मलाही कळतं. फोन आहे, बस आहे, रिक्षा आहे. पण फोनवर आपण दोघी ‘कशी आहेस’, ‘बरी आहे’, ‘आईला देते’ एवढ्यात उरकतो. व्हॉट्सअॅपवर मी चांगलं पानभर लिहिलं, तर तू अंगठ्याचं चित्र पाठवतेस. म्हणून हा आंतरदेशीय कागद. पोस्टातल्या बाईंनी तो शोधायला दहा मिनिटं घेतली आणि ‘अजून लागतो होय कुणाला?’ असं विचारून माझा सत्कारही केला.

विशेष काही नाही. शाळेत वसंतगाण्यांची तयारी चालू आहे. कार्यक्रम पाडव्यानंतरच्या शनिवारी, एकवीस तारखेला. सध्या शाळा दहावीच्या परीक्षेचं केंद्र आहे, तेव्हा तीन वाजेपर्यंत आमच्याकडे कुणी शिंकायचंसुद्धा नाही. तीन ते पाच आम्हाला चित्रकलेचा वर्ग दिलाय. आठवी-नववीची चाळीस मुलं, एक पेटी, एक तबला, नववीतल्या तेजसचा कीबोर्ड आणि सगळीकडे रंगांचा वास. मुख्याध्यापक येऊन म्हणाले, ‘बाई, गाणी जरा हळू आवाजात बसवता येतील का?’ म्हटलं, ‘बसवते सर. मुकी बसवते.’ तेव्हापासून ते आमच्या बाजूला फिरकत नाहीत.

पाच गाणी आहेत. चार बसली. पाचवं पळसाचं. मी चाल लावलेलं ते गाणं दरवर्षी शेवटी असतं, हे तुला ठाऊक आहे. ते काही बसत नाही. अंतऱ्याची ती एकटीने म्हणायची ओळ आहे ना, वरच्या पंचमापर्यंत चढणारी, ती या वर्षी नववीतल्या स्वरालीला दिली आहे. गोड मुलगी, नावाला जागणारी. पण वर गेली की तिचा सूर पातळ होतो आणि चेहरा असा करते जणू कुणी तिचा पाय तुडवतंय. तेजस म्हणाला, ‘बाई, जरा लो करूया ना.’ मी त्याला गप्प बसवलं. पळसाचं गाणं पेटीवरच्या काळी पाचमध्येच होतं. बावीस वर्षं झाली, मी त्याची पट्टी बदललेली नाही. ज्या आवाजासाठी ते केलं त्या आवाजाची ती पट्टी.

आई परवा तुझ्याकडून आली आणि सांगत होती, ‘दीक्षा पोळ्या लाटताना गुणगुणते गं. पण इतकं खालून, मला वाटलं शेजारचा रेडिओ लागलाय.’ रेडिओच असेल. आईला हल्ली ऐकू कमी येतं.

एकवीसला संध्याकाळी पाच वाजता ये. येशील का, असं विचारत नाही. नुसतं कळवते आहे. सोनूला आण, त्याच्या वयाची बरीच पोरं असतात. भाऊजींना नमस्कार सांग.

तुझी,
जयाताई


येरवडा, पुणे ६
शुक्रवार, १३ मार्च

प्रिय दीक्षा,
सप्रेम जयभीम.

पहिलं पत्र मिळालं असेल किंवा नसेल. उत्तराची वाट पाहिली नाही असं म्हणणार होते, पण ते खोटं ठरेल. रोज फाटकापाशी टपालपेटीत डोकावते. त्यात विजेचं बिल आणि कुठल्याशा कोचिंग क्लासची जाहिरात होती.

काल तालमीत एक गोष्ट झाली, ती तुलाच सांगायला हवी. स्वराली त्या ओळीवर आली आणि तिचा आवाज फाटला. एकदा झालं, दुसऱ्यांदा झालं. तिसऱ्यांदा मागच्या रांगेतली मुलं फिदीफिदी हसली. आणि माझ्या तोंडात एक वाक्य आलं, जसंच्या तसं, जणू बावीस वर्षं ते तिथेच बसून होतं. ‘तुझ्या आवाजात’ एवढं बाहेर पडलंसुद्धा. पुढचे शब्द मी कसेबसे गिळले आणि पेटीचा भाता बंद केला. मुलांना वाटलं, बाईंना चक्कर आली. त्यांनी मला पाणी आणून दिलं.

पुढचे शब्द तुला ठाऊक आहेत. ‘दमच नाही.’

तू नववीत होतीस, माझ्याच शाळेत. मला तेव्हा तिथे लागून तिसरं वर्ष होतं, कायम झाले नव्हते. शिक्षकांच्या खोलीत मी आत गेले की बोलणं थांबायचं. ‘बहिणीसाठीच गाणं केलंय म्हणे,’ हे मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. ते खरंही होतं. पळसाचं गाणं मी तुझ्यासाठीच केलं होतं, आपल्या गच्चीवर बसून, तू समोर भुईमुगाच्या शेंगा फोडत होतीस तेव्हा. मग कार्यक्रमाच्या चार दिवस आधी तुझा आवाज त्या पंचमावर फाटला आणि मला एकाएकी सोपी वाट दिसली. उचलली जीभ, लावली टाळ्याला. चाळीस मुलांसमोर म्हणाले, ‘दीक्षा, तुझ्या आवाजात दमच नाही. मागे जाऊन उभी राहा.’ आणि ओळ दुसऱ्या मुलीला दिली. शिक्षकांच्या खोलीत मला त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी आपणहून चहा दिला. मला तो गोड लागला, दीक्षा. हेही लिहूनच टाकते.

त्या दिवशी घरी येऊन तू जेवलीस, भांडी घासलीस, गणिताचा गृहपाठ केलास. मला वाटलं, पोरगी विसरली. कार्यक्रमात तू मागच्या रांगेत उभी होतीस. पुढच्या वर्षी गाण्याऐवजी चित्रकला घेतलीस. मी विचारलं नाही, तू बोलली नाहीस. अण्णा एकदा म्हणाले, ‘या घरात हल्ली एकच माणूस गातं.’

गेल्या वर्षी अण्णा गेले, त्यांच्या पुण्यानुमोदनाला सगळे वंदना म्हणत होते. मी मुद्दाम तुझ्या शेजारी येऊन बसले होते. तुला वाटलं असेल, ताईला पाठ टेकायला भिंत हवी होती. मला तुझा आवाज ऐकायचा होता. सुरात नसता तरी चाललं असतं. पण तुझे नुसते ओठ हलत होते. शंभर माणसं म्हणत होती आणि मी माझ्या उजव्या कानाशी काही येतंय का ते ऐकत राहिले.

दरवर्षी नववीच्या वर्गात मी तुझा आवाज शोधते. सापडत नाही. म्हणून पट्टी तरी तुझी ठेवली. दरवर्षी काळी पाचवर बोट ठेवलं की वाटायचं, तुझी जागा राखून ठेवली आहे, मधे कुणीही बसलं तरी ती तुझीच. माझ्या हट्टापायी किती पोरींचे गळे ताणले गेले ते मोजायची हिंमत नाही. यालाच प्रेम समजत होते मी.

मला माफ कर असं लिहायचं होतं. तीन वेळा लिहून खोडलं. माफ कर. हे चौथ्यांदा लिहिलंय, आता खोडत नाही.

तुझी,
जयाताई


येरवडा, पुणे ६
रविवार, २२ मार्च

दीक्षा,

आज वर जयभीम घालायलाही हात थांबेना. तुझी चिठ्ठी गुरुवारी पाडव्याला आईच्या पिशवीतून आली. डब्याखाली चार घड्या घालून ठेवली होतीस, त्यामुळे तिला भाजीचं तेल लागलंय. आईला विचारलं, ‘हे कधी दिलं तिने?’ तर म्हणते, ‘दिलं कुठे? मला डबा सरळ धर म्हणाली, एवढंच.’

ती चिठ्ठी मी इतक्यांदा वाचली आहे की न बघता लिहून दाखवते:

‘ताई, दोन्ही पत्रं मिळाली. गाण्यातून काढलंस याचा राग मला कधीच नव्हता. उलट सुटले असं वाटलं होतं. काळी पाच ही माझी पट्टी नव्हतीच. तो वरचा पंचम लावताना गळा दुखायचा. तू झोपलीस की आईकडून मीठ-पाणी मागून गुळण्या करायचे. तुला ते आवडायचं म्हणून लावायचे. राग आला तो ‘दम नाही’चा. पेटीवरच्या बाई म्हणतात म्हणजे खरंच असणार, असं मी मानलं. अजूनही मानते. त्या मुलीला तरी खाली उतरव. दीक्षा.’

मी चिठ्ठी घेऊन पेटीपाशी बसले. दार लावून घेतलं. काळी पाचवर बोट ठेवलं, सा म्हटला, तो सहज लागला. पंचम लागला. वरचा पंचमही लागला, या वयातही. आणि मग मला कळलं. काळी पाच माझी पट्टी आहे, दीक्षा. पहिल्यापासून माझीच. मी काळी पाचची, म्हणून तूही काळी पाचची, एका आईच्या पोटच्या ना आपण, असं मी धरूनच चालले होते. बावीस वर्षं तुझी जागा राखून ठेवली म्हणत मी माझाच पाट मांडून बसले होते. मला हसू आलं आणि मग जे आलं ते आईने दाराबाहेरून ऐकलं. एरवी तिला ऐकू येत नाही.

शुक्रवारी, कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी, मुलांना सांगितलं, ‘पळसाचं गाणं आजपासून खाली, काळी तीनमध्ये.’ मग तेजस म्हणाला, ‘बाई, कीबोर्डवर एक बटन दाबलं की झालं. मी कधीचा सांगणार होतो.’
‘मग सांगितलं का नाहीस?’
‘एकदा सांगितलं. तुम्ही डोळे वटारले.’

स्वरालीला पुढे बोलावलं. म्हटलं, ‘बाळ, तुझ्या आवाजात काही कमी नव्हतं. पट्टी माझी चुकली होती.’ हे वाक्य चाळीस मुलांसमोर म्हणायला मला किती जड गेलं, ते तुझ्याइतकं कुणाला कळणार? ती पोर म्हणाली, ‘म्हणजे बाई, आता घसा नाही ना दुखणार?’ तिने कधीच सांगितलं नव्हतं. तूही सांगितलं नव्हतंस. माझ्यासमोर मुली सांगत नाहीत, हे मी आता समजून घेते आहे.

काल कार्यक्रम झाला. तू आली नाहीस. फाटकातून कुणी आत आलं की माझी मान तिकडे वळायची, इतकी की तबल्यावरच्या सरांनी मला दोनदा ठेका दाखवला. आई मात्र पहिल्या रांगेत बसली होती, पाहुण्यांची खुर्ची अडवून. चार गाणी नेहमीसारखी झाली, टाळ्या नेहमीसारख्या. मग पळसाचं आलं. स्वराली त्या ओळीवर पोचली, वर गेली आणि तिथे थांबली. अगदी निवांत. भाजी निवडताना माणूस बोलतं तसं. हे गाणं मी केलं आणि त्यात एवढी हवा आहे हे मलाच माहीत नव्हतं. मी सवयीने सोबत गायला गेले, तर खालच्या सुरांना माझा आवाज पोचेना. मी नुसती पेटी वाजवली. पहिल्यांदाच मुलांना शेवटपर्यंत ऐकलं.

मला आनंद झाला आणि त्याच वेळी असं वाटलं की छातीतून कुणी काहीतरी ओढून काढतंय. हाच सूर तू नववीत लावला असतास. गच्चीवर, शेंगा फोडता फोडता. मी विचारलं असतं तर.

पळसाचं गाणं सोडलं तर, नव्या मुलीला गाण्यात घेताना मी आधी पेटी बंद ठेवते. म्हणते, ‘बाळ, तुझ्या सोयीने सा लाव. कुठलाही.’ ती लावते आणि मी पट्ट्या दाबत दाबत तिचा सा शोधते. पंचवीस वर्षांत मी शेकडो मुलींना हे विचारलंय. ज्या एकीला विचारायचं राहिलं ती माझ्याच पांघरुणात झोपत होती.

दीक्षा, तुझा सा कुठे लागतो?

येत्या रविवारी मी वारज्याला येते आहे. नको म्हणायचं असेल तर आईच्या डब्याखाली चिठ्ठी ठेव, मी येणार नाही. काही आलं नाही तर पेटी घेऊन येईन. तू गायला हवंस असं नाही. कधी तरी, पोळ्या लाटताना किंवा नंतर, एकदा सा लाव. मी शोधेन. वेळ लागला तर लागू दे, मला घाई नाही. ‘दम नाही’ असं मी म्हटलं होतं, ते खोटं होतं. पेटीवरच्या बाईंनी आता शब्द मागे घ्यायला हवा म्हणून नव्हे, तर ते खोटं होतं म्हणून लिहिते.

सगळ्या शाळेच्या पट्ट्या तोंडपाठ असलेली, आणि तुझी एक ठाऊक नसलेली,
तुझी ताई