प्रेरणाचे पास आणि माझा शेरा

२ ऑगस्ट, शनिवार
आजपासून नवी वही. मॉर्निंग वॉकची वही चौथ्या पानावर बंद पडली. त्यात माझा दोष नाही, दुर्गजवळच्या आमच्या मिल कॉलनीच्या सेक्टरमध्ये कुत्रे फार झालेत.

विषय: प्रेरणा. आमची धाकटी, बी.कॉम. सेकंड इयर, कॉलेजच्या बास्केटबॉल टीमची पॉइंट गार्ड. पॉइंट गार्ड म्हणजे जी स्वतः बास्केट कमी करते आणि बाकी चौघींना बॉल पोचवते. आमच्या भाषेत डिस्पॅच सेक्शन. जानेवारीत युनिव्हर्सिटीची टीम निघेल, बारा मुली, भुवनेश्वरला स्पर्धेला जातील. गेल्या वर्षी हिचा नंबर तेरावा लागला. कोच नूतन मॅडम म्हणाल्या, स्कोअरशीटवर पॉइंट आणि फाउल लिहितात, पास कोणी लिहीतच नाही, निवड समितीला दाखवणार काय? पोर दोन दिवस नीट जेवली नव्हती.

मी बत्तीस वर्षं रूळ बनवणाऱ्या रेल मिलमध्ये इन्स्पेक्शनला काढली. रूळ समोरून गेला की दोष दिसतो. त्यापुढे पास म्हणजे काय! ठरलं. सीझनभर हिचा प्रत्येक पास मी तपासणार आणि जानेवारीत रजिस्टर समितीपुढे ठेवणार. बास्केटबॉलचे नियम उद्या बघून घेऊ.

३ ऑगस्ट, रविवार
नियम राहिले. लाइट गेली होती.

रजिस्टर मात्र आखलं. दोषांचे चार प्रकार. अ: पास उंच गेला. ब: पास मागे पडला. क: पास विरुद्ध टीमनं पळवला. ड: पार्टीकडे, म्हणजे माल घेणारीकडे, न बघता माल रवाना. शेवटचा रकाना शेऱ्याचा, म्हणजे दोष दिसला तेव्हा निरीक्षक काय करत होता. हा रकाना रिकामा राहिला तर आमच्याकडे मेमो मिळायचा. माझा कधी राहिला नाही.

बायकोनं, कमलानं, विचारलं, चांगल्या पासचा खाना कुठी हाये? तिला समजावलं की चांगला रूळ मुकाट्यानं पुढं जातो, नोंद दोषाचीच असते. ती म्हणाली, पोरगी हाये ते, रूळ नाही. मुद्दा सोडून बोलायची तिची जुनी सवय आहे.

१७ ऑगस्ट, रविवार
पहिली मॅच, कुम्हारीच्या टीमशी. हरलो, चार पॉइंटनं.

मी अत्यंत शांत होतो. निरीक्षक शांतच हवा. फक्त सहा वेळा आवश्यक ती सूचना दिली, उदाहरणार्थ, प्रेरणा, बाएँ दे, ईरा खाली है! (खाली म्हणजे मोकळी. ईरा म्हणजे टीममधली सगळ्यात उंच मुलगी, बास्केटखाली उभी असते.) कोर्टवर गलका फार, म्हणून आवाज जरा चढवावा लागला.

क दोष: सहा. कुम्हारीच्या मुलींचा अंदाज विलक्षण. बॉल कुठं जाणार हे त्यांना आधीच कळतं. मी बाएँ म्हणेपर्यंत तिघी बाएँ पोचलेल्या. कोच चांगला असणार त्यांचा.

शेरा सहाही ठिकाणी भरला: स्टँडमधून वेळेवर मार्गदर्शन दिले.

३० ऑगस्ट, शनिवार
हरलो. क: नऊ. ड: चार.

ड प्रकार गंभीर होत चालला आहे. ही बघते उजवीकडे आणि बॉल सोडते डावीकडे. आज अशा एका पासवर ईरानं बास्केट केलं आणि पब्लिकनं टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत. माल पोचला म्हणजे प्रोसेस बरोबर असं होत नाही.

विरुद्ध टीमच्या लोकांनी मला बोलावून चहा-समोसा दिला. पुढच्या मॅचला येणार ना, म्हणून आग्रहानं विचारलं. याला म्हणतात खेळाडूवृत्ती.

३१ ऑगस्ट, रविवार
प्रेरणा सकाळी म्हणाली, बाबा, तुमी मॅचमध्ये कावून चिल्लावता? थोडा चुप बैठो ना प्लीज, मेरा पूरा गेम खुल जाता है. मी विचारलं, रेफ्री शिट्टी वाजवते तर त्याले सांगतेस का? बूट घालून बाहेर गेली. नव्या पिढीला इन्स्पेक्शन सहन होत नाही.

तरी संकल्प: पुढच्या मॅचला आवाज निम्म्यावर.

१३ सप्टेंबर, शनिवार
निम्म्यावर ठेवला होता. रेफ्रीला तो पूर्ण वाटला. त्यानं मला दोरीच्या मागं, सायकल स्टँडपाशी नेऊन उभं केलं. नियम असेल काहीतरी. (नियम बघायचे आहेत.) काळजी नाही, माझा आवाज तिथूनही पोचतो.

क: सात. जिंकलो, पण एका पॉइंटनं. याला जिंकणं म्हणत नाहीत.

३ ऑक्टोबर, शुक्रवार. नागपूर
दसऱ्याला दीक्षाभूमीवर आलो आहे. दरवर्षीचं आहे, चुकवत नाही. मॅच आजच ठेवली, त्याला इलाज नाही. रजिस्टरमध्ये लिहिलं: निरीक्षक गैरहजर, नोंद नाही.

दुपारी प्रेरणाचा फोन. बावीस पॉइंटनं जिंकलो, बाबा! इतकी खूश होऊन ओरडत होती की बाजूचे लोकही माझ्याकडे बघायला लागले. मी विचारलं, समोरची टीम कमजोर होती का? ती म्हणाली, कुम्हारीचीच होती. आजारी असतील मुली. सीझन बदलतो आहे.

८ नोव्हेंबर, शनिवार
सकाळी दाढ काढली. डॉक्टरनं तोंडात कापूस कोंबला आणि म्हणाला, तीन तास जबडा उघडायचा नाही. सुट्टी घ्यायला पाहिजे होती, पण ड्यूटी म्हणजे ड्यूटी. तसाच मॅचला गेलो. बोलता येत नव्हतं, फक्त बघत बसलो.

विचित्र दिवस. क: शून्य. दोनदा तपासलं, शून्यच. अ: एक, शेरा: तोंडात कापूस, मार्गदर्शन बंद. सतरा पॉइंटनं जिंकलो.

माझ्या तीन महिन्यांच्या तपासणीचा परिणाम आता कुठं दिसायला लागला. दाढ दुखते आहे, पण समाधान आहे.

२२ नोव्हेंबर, शनिवार
दाढ बरी. आवाज एकदम मोकळा झाला, उलट पहिल्यापेक्षा चांगला लागला.

क: आठ. हरलो. एका शून्यानं पोर हुरळून गेली, दुसरं काय. ढील दिली की असं होतं.

१ डिसेंबर, सोमवार
संकल्प, पक्का: आता एक शब्द बोलायचा नाही. कमलासमोर बोललो. ती हसली नाही, पण तोंड फिरवून कुकर पुसत राहिली. कुकर कोरडाच होता.

१३ डिसेंबर, शनिवार
शेवटची मॅच. संकल्प पहिली चार मिनिटं पाळला, घड्याळ लावून. चार मिनिटं ही काही थोडी नाहीत. मग ईरा अगदीच मोकळी दिसली.

हरलो. अकरा मॅचपैकी पाच जिंकल्या. प्रेरणा घरी येऊन बूट न काढता पलंगावर पडून राहिली. म्हणाली, इस बार भी नहीं होगा, बाबा. तिला सांगितलं, रजिस्टर आहे ना. माझ्यावर सोड. तिनं कूस बदलली.

५ जानेवारी, सोमवार
रजिस्टर नूतन मॅडमच्या हातात दिलं. जवळच हथखोजला टिकारामची प्रेस आहे, तिथं बाइंडिंग करून घेतलं, वर सोनेरी अक्षरात प्रेरणाचं नाव. मॅडमनी वजन करून पाहावं तसं हातात धरलं आणि म्हणाल्या, मेश्राम साहेब, तुम्ही हे सगळं लिहिलंत? मी म्हटलं, एकही दोष सुटलेला नाही. त्या म्हणाल्या, समितीला आजच पाठवते.

घरी कमला भडकून बसलेली. झेरॉक्स टेबलावर होती, दोघी मायलेकींनी वाचली म्हणे. कमला म्हणाली, पोरीची शिफारस केली का चार्जशीट बनवली? दीडशे दोष, अन् चांगला पास एक बी नाही पुऱ्या बुकात! समिती काय समजन?

मी म्हटलं, ज्याला समजतं त्याला समजतं. मग झेरॉक्स चाळली. अ, ब, क, ड. क, क, क. पानंच्या पानं. समितीतल्या माणसानं रेल मिलमध्ये नोकरी केलेली नसेल, हे लक्षातच आलं नव्हतं.

प्रेरणा रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, जाऊ द्या बाबा, तुमी मेहनत तर केली. आणि भात तसाच ठेवून उठली.

पोटात गोळा आला आहे. ॲसिडिटी असावी.

६ जानेवारी, मंगळवार
सकाळी साडेआठला कॉलेजच्या गेटवर. रजिस्टर परत मागितलं, एक दुरुस्ती राहिली म्हणून. मॅडम म्हणाल्या, कालच गेलं. दुरुस्ती काय होती? तसाच स्कूटर ढकलत निघालो, चालू करायचं सुचलंच नाही.

ॲसिडिटी नाही ती. मी घाबरलो आहे.

१४ जानेवारी, बुधवार
यादी लागली. प्रेरणाचं नाव पाचवं!

कॉलेजच्या नोटिस बोर्डासमोर उभा राहून मी दोनदा वाचलं आणि मग मोठ्यानं तिसऱ्यांदा. रजिस्टरनं काम केलं. शेवटी इन्स्पेक्शन ते इन्स्पेक्शन. छाती पुढं काढून नूतन मॅडमकडे गेलो आणि विचारलं, कामी आलं ना?

त्या म्हणाल्या, फार कामी आलं. बसा.

मग त्यांनी रजिस्टर उघडलं. समितीनं लाल पेननं खुणा केल्या होत्या. क दोष एकूण बावन्न. त्यांतल्या अठ्ठेचाळीसपुढं माझ्याच अक्षरात शेरा: स्टँडमधून वेळेवर मार्गदर्शन दिले. ज्या दिवशी मी नागपूरला, त्या दिवशी बावीसनं विजय. ज्या दिवशी तोंडात कापूस, त्या दिवशी क शून्य. मॅडम म्हणाल्या, एवढं प्रामाणिक रजिस्टर समितीनं कधी पाहिलं नव्हतं. पूर्ण सीझन जिचा बाप विरुद्ध टीमला पास कुठं जाणार ते ओरडून सांगतो, आणि तरी जी पाच मॅच जिंकून देते, ती मुलगी पाहिजेच, असं एकमतानं ठरलं.

ड दोष एकतीस. तिथं लाल पेननं लिहिलं होतं: हे सगळे उत्कृष्ट पास. समोरच्याला डोळ्यानं एकीकडे फसवून बॉल दुसरीकडे देणं, यासाठीच पॉइंट गार्ड निवडतात म्हणे. हे नियमाच्या पुस्तकात असणार. बघायला पाहिजे होतं.

मी विचारलं, टीमबरोबर मॅनेजर म्हणून कोणी जाणार असेल तर मी रिकामाच आहे. मॅडम फार अदबीनं म्हणाल्या की समितीनं एकच अट घातली आहे, आणि ती माझ्याबद्दलच आहे.

घरी आलो. कमलानं क्वार्टरच्या सगळ्या लाइनीत गूळ-तिळाचे लाडू वाटले. मला दिला नाही. नंतर दिला.

१५ जानेवारी, गुरुवार
कालपासून एक गोष्ट डोक्यात फिरते आहे. सहा महिन्यांत त्या पोरीला मी एकदाही शाबास म्हणालो नाही. एकदाही नाही. एकतीस वेळा संधी होती, एकतीसही वेळा मी खाली मान घालून ड लिहीत होतो. लाज वाटली. कोणाला सांगणार, म्हणून इथं लिहितो.

संकल्प: स्टेशनवर म्हणायचं. सोपं वाक्य आहे. शाबास, प्रेरणा, लय छान पास देतेस. आरशासमोर चार वेळा म्हणून पाहिलं. जमतं.

२० जानेवारी, मंगळवार
दुपारी दुर्ग स्टेशन. बारा मुली, नूतन मॅडम, बॉलची मोठी जाळी. प्रेरणा खिडकीशी बसली, नवा ट्रॅकसूट, पाठीवर युनिव्हर्सिटीचं नाव. पाहून भरून आलं. मी खिडकीपाशी गेलो, गळा साफ केला. म्हटलं, पाण्याची बाटली भरली? ती म्हणाली, हो बाबा. म्हटलं, दारात उभी राहू नको. हो बाबा. रात्री स्वेटर घाल. हो बाबा. मग गाडी हलली. मी डब्याबरोबर चालायला लागलो, मग पळायला लागलो, आणि पूर्ण ताकदीनं ओरडलो, चार्जर घेतला का?

सगळा डबा हसला. प्रेरणा पण. हात हलवत होती.

कमलानं परत येताना ऑटोत विचारलं, म्हटलं का? मी म्हटलं, फलाटावर गोंगाट फार होता. ती म्हणाली, तुमचा आवाज समोरच्या टीमले सायकल स्टँडवरून ऐकू जाते, अन् आपल्या पोरीलेच दोन हातावरून नाही गेला?