तार लावलेल्या चौकटी

मेहकर,
३ मार्च १९६४

प्रिय शालूबाई,

चारचौघांत मी तुला ‘तुम्ही’ म्हणते, पण नणंद असलीस तरी माझ्याच वयाची आहेस, म्हणून पत्रात ‘तू’च लिहिणार. नांदुऱ्याला तुझं बरं चाललंय हे कळलं. इथे तुझ्या बाबांचा, मामाजींचा, खोकला गेला, तुझ्या आईचे, आत्याबाईंचे, गुडघे तसेच. आणि माझ्या मधमाशा मजेत आहेत. हो, त्याच! तुझे दादा काविळीने गेले तेव्हा सगळे म्हणाले, त्या मधपेट्या विकून टाक. मी विकल्या नाहीत.

मागच्या चैत्रात मात्र फजिती झाली. पेटीतल्या लाकडी चौकटींत मी मेणाचे पत्रे नुसतेच बसवले होते. माशांनी त्यांवर पोळी बांधली, मध भरला, आणि आपल्याकडचं ऊन तर तुला ठाऊकच आहे. एका दुपारी झाकण उघडलं तर मेण मऊ पडून पोळी तळाला कोसळलेली, निम्म्या माशा मधात बुडालेल्या. उरलेल्या उडून गेल्या. आत्याबाई म्हणाल्या, “जाळून टाक ते खोके.” मी दुसऱ्या दिवशी एसटीत बसून दुसरबीडला गेले. तिथे सहदेवराव म्हणून एक जण मधमाशा पाळतात असं ऐकलं होतं.

त्यांनी सांगितलं, चौकटीत आडवी बारीक तार ओवायची, ताणून बसवायची आणि पत्रा त्या तारेवर चिकटवायचा. सांगणं सोपं. तार सैल राहिली तर पत्रा झोल खातो, फार ओढली तर चौकटीचं लाकूड आत वाकतं. एकाने तार ओढून धरायची, दुसऱ्याने खिळ्याला गुंडाळून ठोकायची. मग ते मेहकरला येऊ लागले. काम ओसरीवर, आत्याबाईंच्या डोळ्यांसमोर. आम्ही पहिल्या दिवसापासून भांडलो. ते फार ओढायचे. मी म्हणायची, “लाकूड वाकून राह्यलं, सोडा जराशी.” ते म्हणायचे, “तुमाले कोनं शिकवलं हे?” मी म्हणायची, “तुमीच!” तापवलेल्या सळईने तार मेणात बसवायला मात्र माझाच हात चांगला, हे ते स्वतः कबूल करतात.

सहदेवरावांनी आपल्याकडच्या माशा दिल्या, आणि माघात करडी फुलली तेव्हा त्या नव्या पेट्या बैलगाडीतून शेतावर नेल्या. नाल्यात चाक असं आपटलं की मला वाटलं, पोळी गेलीच. बांधावर उतरवून एकेक पेटी उघडली. एकही पोळं तुटलं नव्हतं! मी मोठ्याने हसले गं, तुझे दादा गेल्यावर पहिल्यांदाच. तिथेच सहदेवरावांनी मला विचारलं. त्यांची बायको बाळंतपणात गेली, त्यालाही बरीच वर्षं झाली. मी म्हटलं, “मीच काऊन?” तर म्हणाले, “तुमच्यासंगं भांडता येते म्हनून. आन् नाही म्हनसान, तरी पेट्यायचं काम मी सोडत नाही.”

मी हो म्हटलंय, शालू. पाडव्यानंतर दुसरबीडला पाट लावायचा. काल घरात सांगितलं. मामाजी उठून गेले. आत्याबाईंनी विचारलं, “माह्या लेकाची याद नाही का तुले?” आहे. रोज आहे. मी रडले नाही आणि शब्दही मागे घेतला नाही. हे पत्र परवानगी मागायला लिहिलेलं नाही. पण तू तुझ्या दादांची सख्खी बहीण. या घरातलं एक तरी माणूस त्या दिवशी माझ्या पाठीशी उभं असावं, आणि ते तू असावंस, एवढंच मला वाटतं. तू आली नाहीस तरी मी लग्न करणारच. फक्त रस्त्यावर एसटी थांबली की दर वेळी माझी मान तिकडे वळेल.

तुझीच, आणि तू म्हणशील तोवर तुझी वहिनी,
कोकिळा