माझ्या पेशंटला मोठं करताना

३ जानेवारी
आमची आतड्यांची पेशंट आज अठरा पूर्ण. नऊ वर्षांची होती, तेव्हा पोट धरून माझ्या केबिनमध्ये आली होती. आतड्यांना सूज, आयुष्यभर सोबत राहणारं दुखणं. आता नियमाप्रमाणे लहान मुलांच्या विभागातून मोठ्यांच्या विभागात पाठवायचं. तिकडच्या मॅडमना सविस्तर पत्र द्यायचं आहे. रविवारी एका बैठकीत संपवतो.

११ जानेवारी, रविवार
बसलो. ‘सप्रेम नमस्कार’ झालं. नऊ वर्षांचा इतिहास, घाई करून कसं चालेल?

२ फेब्रुवारी
सिस्टरने पत्राची आठवण केली. म्हटलं, पोरगी अजून तयार नाही. आजच तिला विचारलं, गोळ्या कोणत्या, किती? तिने तोंड उघडायच्या आत मीच सांगून टाकलं. बघा, कुठे तयार आहे?

१९ फेब्रुवारी
पत्र सहा पानी झालं. त्यातली चार माझ्या अचूक निदानावर. थोडी काटछाट हवी. सवडीने.

१० मार्च, सकाळी
तिच्या आईचा फोन. पहाटेपासून शौचातून रक्त. आमच्या वॉर्डात अठरावरचे घेत नाहीत. तिकडे माझं पत्र नाही, म्हणून तीन तास बाकावर. आई चिडल्या नाहीत. “तुम्ही कामात असाल, डॉक्टर,” एवढंच. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुपारी
पत्र पूर्ण. पाऊण पान. वीस मिनिटं लागली. दोन महिने मी नक्की काय करत होतो?

११ मार्च
पत्र घेऊन स्वतः तिकडच्या वॉर्डात गेलो. रक्त थांबलंय. मॅडम म्हणाल्या, “ठेवा. पण तिनेच सगळं लिहून आणलंय.” वहीची दोन पानं. तारखा, तपासण्या, औषधं. माझ्यापेक्षा नेमकं. एक ओळ मला नवीन होती: ‘पंधराव्या वर्षी आठ महिने गोळ्या बंद केल्या होत्या. कोणाला सांगितलं नाही.’

त्याच आठ महिन्यांत, गोळ्या लागू पडत नाहीत म्हणून, मी डोस दोनदा वाढवला होता.

तिला विचारलं, मला का नाही सांगितलंस? उशीला टेकून बसली. म्हणाली, “सांगितलं असतं, काका. पण ‘गोळ्या वेळेवर घेते ना?’ हे तुम्ही दर वेळी आईलाच विचारायचात.”

मी शेजारी उभ्या तिच्या आईकडे वळून म्हणालो, “थकली असेल. पडू द्या तिला.”

जिना उतरून खाली आलो तेव्हा कळलं, काय केलं ते.