मामाविना उष्टावण

३ नोव्हेंबर १९५३, चारठाणा
सुमीचा सातवा महिना निम्मा सरला, अजून उष्टावण नाही. मुलीचं विषम महिन्यातच करायचं आणि पहिला घास मामानंच भरवायचा. मामा म्हणजे आमचा अप्पा. बारशाला त्याचं पान दाराजवळ मांडलं म्हणून माझा हा भाऊ भरल्या पंक्तीतून उठून पाथरीला गेला, तो गेलाच. सासूबाई म्हणतात, "आमी बोलावणं धाडायचो न्हाई. गरज असंल तर यील." अप्पाचा निरोप, मानानं बोलवा, तरच येईन. दोघांचं नाक वर, आणि मधे माझ्या पोरीचं पोट.

८ नोव्हेंबर
दूध पुरत नाही. दोन्हीकडचं ओढून झालं की सुमी रडते, माझी बोटं चोखते. सा.बाई म्हणाल्या, "तूच धड खाईनास." मग अळीव, खसखशीची खीर, डिंकाचे लाडू, शेपूची भाजी. सगळं मलाच! मी फुगतेय, लेक वाळतेय. यांना सांगितलं, तर म्हणे "आईला विचार." शाळेत एवढ्या पोरांवर ओरडतात, घरात आवाज फुटत नाही.

२० नोव्हेंबर
सातवा संपला. आठवा चालत नाही, म्हणजे थेट नववा. पोटाला सम-विषम कळतं का? सुमीच्या मांड्यांची कातडी सैल पडलीय. दिवाळीचं अंगडं ढगळ होतंय. आधी रडू आलं. मग राग आला, तो बरा.

२२ नोव्हेंबर
जेवताना सुमी मांडीवर होती. तिनं माझ्या ताटातल्या वरणात मूठ बुडवली न् तोंडात घातली. काय चेहरा झाला तिचा! सा.बाई धावल्या, बोट घालून तोंड पुसून काढलं. "मामाच्या आधी उष्टावलीस की गं पोरीला!" सुमी कितीतरी वेळ रडत होती. मी गप्प बसले. उद्या नाही बसायची.

२३ नोव्हेंबर
केलं. लपून नाही, ओसरीवर, सगळ्यांदेखत. ज्वारीच्या कण्या मऊ शिजवून, गाळून, वर तुपाचा थेंब.
"काय करायलीस?"
"उष्टावण."
"मामा कुठाय?"
"मामा रुसलाय. आई न्हाई रुसली."
पहिला घास थुंकला. दुसरा गिळला. मग वाटीच धरून बसली. सा.बाई आत गेल्या, जेवल्या नाहीत. हे चपला घालून बाहेर. मला भूक लागली होती, मी जेवले.

२ डिसेंबर
रोज दोनदा कण्यांची पेज, मधे अंगावर पाजते. कालपासून वरणाचं निवळही. सा.बाईंचा माझ्याशी अबोला, नातीला मात्र घेतात. अप्पाचाही निरोप आला, तू माझा मान घालवलास म्हणून. बारशानंतर दोन्ही घरांचं पहिल्यांदाच एकमत झालं, ते माझ्यावर.

९ डिसेंबर
सुमीला ताप. सकाळपासून जुलाबही. हिरड्या सुजल्यात, दात येत असावेत. सा.बाई बोलल्या एकदाच्या, "बघ. मामाबिगरचा घास पचंना."
भीती वाटतेय. इथं तरी खोटं कशाला लिहू. दुपारी चमचा पुढे केला तर तोंड फिरवलं तिनं. अंगावर घेतलं, तेव्हा प्यायली.
हे म्हणाले, "थोडे दिवस बंद कर ना ते." मी म्हटलं, "आणि द्यायचं काय, तुमच्या आईचा मान?"
कण्या पुन्हा चुलीवर ठेवल्यात, कालच्यापेक्षा पातळ. खाईल की नाही कुणास ठाऊक. उद्या ताप उतरला तर दातांचं नाव होईल, चढला तर माझं. होऊ दे. कण्या बुडाला लागतील, उठते.