शून्याच्या जागी एक लिहिण्याबाबत

प्रति,
मा. मृत्यू नोंदणी अधिकारी,
आरोग्य विभाग, दुसरा मजला,
खिडकी क्र. ४ च्या आतली खोली.

विषय : माझ्या मुलीच्या मृत्यूचे कारण 'गोवर' असे नोंदवून गोवरमृत्यूंच्या फलकावरील शून्य खोडण्याबाबत.

संदर्भ : १) माझे यापूर्वीचे तीन अर्ज.
२) आपले पत्र : 'नमुन्यात संपूर्ण विषाणू आढळून न आल्याने अर्ज निकाली काढण्यात येत आहे.'

महोदय,

सविनय लिहिण्याची पद्धत आहे, म्हणून सविनय. विनय पहिल्या तीन अर्जांत बराचसा संपला; उरलासुरला यात घातला आहे.

१. मी पार्सल गोदामात पॅकिंग विभागाची मुकादम आहे. माझी मुलगी आठ महिन्यांची असताना तिला गोवर झाला. घरात तिला खारू म्हणत, कारण ती एका जागी ठरत नसे. आठवडाभरात ती बरी झाली. पुढे वय झाल्यावर तिला लसही दिली, पण तोवर विषाणू आत शिरून बसला होता. सातव्या वर्षी तिच्या हातून पेन्सिल पडू लागली, मग चमचा, मग झटके येऊन चालता चालता तीच पडू लागली. शाळेच्या बाई म्हणाल्या, "लक्षच नसतं हो तिचं." त्यावरून मी तिला दोन धपाटे घातले. ते आता परत घेता येत नाहीत. पुढे तिचे बोलणे गेले, गिळणे गेले, आणि गेल्या मार्चमध्ये ती गेली.

२. मेंदूच्या डॉक्टरीणबाईंनी आजाराचे नाव एसएसपीई असे लिहून दिले आहे. म्हणजे गोवराचा विषाणू वर्षानुवर्षे मेंदूत दडून राहतो आणि मग मेंदू पोखरतो. तिच्या पाठीच्या कण्यातून काढलेल्या पाण्यात गोवराविरुद्धची प्रतिपिंडे भरमसाट सापडली. तो अहवाल आपल्याकडे तीन प्रतींत पडून आहे. आपल्या संगणकाला मात्र गोवर आणि मृत्यू यांत नव्वद दिवसांहून जास्त अंतर चालत नाही. खिडकी क्र. ४ वरचा कारकून भला माणूस आहे. तो म्हणाला, "ताई, गोवराची तारीख जरा अलीकडे ओढू का? मशीन लगेच घेईल." मी नको म्हटले. मग त्याने 'मेंदूचा ताप' असे लिहून जेवणाच्या सुट्टीआधी दाखला हातात देण्याची तयारी दाखवली. तेही नको म्हटले.

३. आता आपला मुख्य आक्षेप. संपूर्ण विषाणू सापडला नाही, सबब गोवर नाही. महोदय, मी बारावी नापास आहे. पण लेकरू सोळा महिने अंथरुणाला खिळले की माणूस मिळेल ते वाचतो आणि भेटेल त्याला विचारतो. डॉक्टरीणबाईंनी माझ्या प्रश्नांना कंटाळून औषधाच्या चिठ्ठीमागे विषाणूच्या प्रथिनांचे चित्र काढून दिले. ती प्रथिने मला आता झोपेतून उठवले तरी येतात. आपल्या कार्यालयात कुणाला येत नसावीत, नाहीतर ते पत्र निघाले नसते.

४. गोवराच्या विषाणूच्या अंगात मुख्य प्रथिने सहा. दोन बाहेर : एच आणि एफ. एच पेशीला जाऊन चिकटते. एफ विषाणूचे आवरण आणि पेशीचे आवरण एकजीव करून आत जायला वाट करते. तीन आत : एन, पी आणि एल. विषाणूचा मूळ मसुदा म्हणजे त्याचा आरएनए; एन तो पूर्ण लांबीभर गुंडाळून जपते, एल त्याच्या नकला काढते, आणि पी हे एलला मसुद्यावर धरून ठेवते. पी बनवण्याच्या मजकुरातूनच व्ही आणि सी अशी आणखी दोन निघतात. शरीराने धोक्याची घंटा वाजवू नये, हे त्यांचे काम. असे काम करणारे प्रत्येक कार्यालयात असतात, म्हणून जास्त खुलासा करीत नाही.

५. सहावे एम. हे माझ्याच खात्यातले. एम आवरणाच्या आतल्या अंगाला बसते, आतला माल आणि बाहेरचे एच-एफ एका ठिकाणी आणते आणि तयार विषाणू पेशीबाहेर रवाना करते. थोडक्यात, पॅकिंग. या आजारात नेमके एम बिघडलेले असते. पॅकर नाही तर पार्सल नाही. पण पार्सल बाहेर पडले नाही म्हणून गोदाम रिकामे आहे, असे आमच्याकडे काल लागलेला हमालसुद्धा म्हणणार नाही. आत नकला निघतच होत्या, आणि बदललेले एफ शेजारच्या पेशीला भगदाड पाडून माल पुढे सरकवत होते. संपूर्ण विषाणू न सापडणे हीच या आजाराची खूण आहे. आपण जी वस्तू मागता, ती माझ्या मुलीच्या डोक्यात तयारच होत नव्हती. मी ती कुठून आणू?

आपल्या साहाय्यकांनी तोंडी विचारले की नमुना पुन्हा देता येईल का. मयत व्यक्तीने त्यासाठी समक्ष हजर राहायचे आहे काय, हे त्यांनी लेखी कळवावे.

६. हा हट्ट कशासाठी, असे आपण विचाराल. आपल्या जिन्यात फलक आहे : 'गोवरमृत्यू शून्य. सलग सहावे वर्ष.' त्या शून्याच्या जोरावर आमच्या कामगार वस्तीतले लसीकरण दर आठवड्याचे महिन्यातून एकदा झाले, तेही कामाच्या दिवशी, दहा ते बारा. नर्सबाई म्हणाल्या, "वरून आलंय. तुमच्याकडे गोवर उरलाच नाही म्हणे." आमच्या एका इमारतीत आज लसीचे वय न झालेली चार बाळे आहेत. मोठ्या मुलांना लस मिळाली, तरच ही चार सुरक्षित. चारांपैकी कुणाच्या डोक्यात काय बसेल, ते सात वर्षांनी कळते. तेव्हा आपली बदली झालेली असेल.

७. कारकून असेही म्हणाला, "'मेंदूचा ताप' लिहिलं की कुणाचाच दोष नाही, ताई. तुमचाही नाही." खरे आहे. हे शून्य मलाही सोयीचे आहे. खारूला गोवर तिच्या दादाकडून झाला. तो तेव्हा तीन वर्षांचा होता आणि त्याला लस दिलेली नव्हती. त्याच्या लसीच्या दिवशी गोदामात माल उतरायचा होता, माझी सकाळपाळी होती, मी रजा टाकली नाही. पुढच्या वेळी नेऊ म्हटले, आणि ती पुढची वेळ दोन वर्षे आली नाही. तो चार दिवस तापला आणि खेळायला गेला. चूक त्याची नाही, माझी आहे, हे मी त्याला जवळ बसवून सांगितले आहे. आज इथे लेखी देत आहे. मी माझे लपवले नाही. आपणही आपले लपवू नये.

८. तरी, कारणाच्या रकान्यात गोवर लिहावे, फलकावर शून्याच्या जागी एक लिहावा, आणि आमच्या वस्तीत दर आठवड्याला, सुट्टीच्या दिवशी, लस मिळावी. तोवर मी दाखला नेणार नाही. आता माझी पाळी दुपारी तीनची असते, सकाळ मोकळी आहे. येत्या सोमवारपासून रोज सकाळी मी आपल्या जिन्यात त्या फलकाशेजारी उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला एम प्रथिनाचे काम समजावून सांगेन. माझा आवाज मोठा आहे. गोदामात तो लागतो.

नम्र राहण्याचा चौथ्यांदा प्रयत्न केलेली,

(सही)
मुकादम, पॅकिंग विभाग
मयत मुलीची आई
दि. ९ ऑक्टोबर

सोबत :
१) पाठीच्या कण्यातील पाण्याचा अहवाल, चौथी प्रत.
२) डॉक्टरीणबाईंनी काढलेले चित्र. हे परत मिळावे.
३) मुलीच्या दादाचे लसीचे कार्ड. नऊ महिन्यांचा रकाना कोरा आहे. त्यात मी आता काही भरलेले नाही.